बिनघडणावळीचे दागिने

धनत्रयोदशी जवळ आली की सराफकट्ट्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. सोन्याचा भाव कितीही चढो, गुंजभर का होईना पण सोने घरात आले पाहिजे, ही आपली रीत. मग भाव काय, घट किती, घडणावळ काय टक्क्यांनी, जुनी पाटली मोडून नव्या बांगड्या होतील का, या चर्चेत चार संध्याकाळी जातात. त्यात वावगे काही नाही. सणाला अंगावर चार दागिने हवेतच.

पण दागिन्यांचा आणखी एक डबा प्रत्येक मराठी घरात आहे. तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यातल्या दागिन्यांना घट नाही, घडणावळ नाही, लॉकरचे भाडे नाही, आणि चोराची भीती तर मुळीच नाही. सोने वापरले की झिजते. हे दागिने मात्र न वापरल्याने झिजतात. हा डबा म्हणजे आपल्या बोलण्यातले अलंकार.

‘अलंकार’ म्हटले की वाचकांपैकी निम्म्यांना दहावीचा व्याकरणाचा पेपर आठवेल आणि उरलेल्यांना, आपल्या मुलाचा तो पेपर आता जवळ आला आहे, हे आठवेल. उपमेय, उपमान, उत्प्रेक्षा, अपन्हुती! मुले ही नावे औषधाच्या गोळ्यांसारखी पाण्याच्या घोटाबरोबर गिळतात आणि परीक्षेच्या दिवशी परत करतात. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावीला येणाऱ्या मुलांना व्याख्या बहुधा पाठ असतात. पण ‘तुमच्या घरात काल कोणी उत्प्रेक्षा केली का?’ असे विचारले, की वर्ग माझ्याकडे असा पाहतो, जणू मी त्यांच्या घरात कोणाला गोवर आला का, असे विचारले आहे. (ही उत्प्रेक्षाच झाली.)

अलम् म्हणजे पुरे

आधी शब्दच पाहू. ‘अलम्’ म्हणजे पुरे, पुरेसे. जे करून बोलणे पुरेसे होते, तो अलंकार. दागिना हा नंतर वरून चढवायचा असतो, ही आपली समजूत; पण शब्दाच्या पोटात निराळेच आहे. साधे शब्द अपुरे पडतात म्हणून माणूस अलंकाराकडे वळतो. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून आई डॉक्टरांना म्हणते, ‘अंग नुसता तवा झालंय.’ थर्मामीटरचा आकडा तिला ठाऊक असतो. पण त्या आकड्यात तिची धास्ती मावत नाही. तव्यात मावते. तिला त्या वेळी भाषा सजवायची हौस नसते. तिला पुरेसे बोलायचे असते.

म्हणूनच अलंकार आधी जन्मले आणि त्यांची नावे मागाहून आली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे चार आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे भामह, दंडी आदी शास्त्रकार आले, आणि एकेका छटेला नाव मिळत गेले. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी ‘कुवलयानंद’ लिहिला, तोवर ही संख्या शंभरावर गेली होती. माणसे पूर्वी चारच प्रकारे बोलत होती आणि मग शंभर प्रकारे बोलू लागली, असे मात्र नाही. ऐकणाऱ्यांचे कान अधिक तीक्ष्ण झाले, इतकेच.

एक लाडू, बारा अलंकार

या शंभरांची यादी घोकण्याऐवजी मी वर्गाला एक लाडू देते. शब्दांचाच, अर्थात. असे समजा, की यंदा दिवाळीचे रव्याचे लाडू घरातल्या कर्त्या पुरुषाने मोठ्या हौसेने करायला घेतले. पाक एकतारी हवा होता. मोबाइलवर कोणाचा तरी फोन आला, आणि पाक पुढे गेला. लाडू वळले गेले, ताटात मांडले गेले, आणि सकाळी घरातली मंडळी फराळाला बसली.

धाकटी म्हणाली, ‘बाबा, लाडू दगडासारखा कडक झालाय.’ ही उपमा. लाडू हे उपमेय, म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचे ते. दगड हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते. कडकपणा हा दोघांतला समान धर्म. आणि ‘सारखा’ हा ते साम्य सांगणारा शब्द. चारही अंगे हजर, म्हणून ही पूर्णोपमा. तीच नुसते ‘दगडासारखा लाडू’ म्हणाली असती, तर समान धर्म गाळला म्हणून लुप्तोपमा झाली असती.

थोरला म्हणाला, ‘लाडू म्हणजे जणू दगडच!’ ही उत्प्रेक्षा. उपमेत दोन वस्तू शेजारी बसतात. उत्प्रेक्षेत एक वस्तू दुसरीच असावी, अशी कल्पना धावते. आई म्हणाली, ‘जणू कशाला? हा लाडू दगड आहे.’ हे रूपक. दोहोंतला भेद संपला. आत्याने पुढची पायरी गाठली : ‘हा लाडू नव्हेच, दगड आहे हा!’ मूळ वस्तूच नाकारली, म्हणून ही अपन्हुती. आजी म्हणाली, ‘दगड बरा बाई! घणाचे दोन घाव बसले की फुटतो तरी.’ येथे लाडवाने उपमानावरही मात केली, हा व्यतिरेक. थोरल्याने विचार करून निकाल दिला, ‘या लाडवाला उपमाच नाही. या लाडवासारखा हाच लाडू.’ हा अनन्वय.

तेवढ्यात मामा आले. ताटाकडे पाहून म्हणाले, ‘हे लाडू आहेत की मुलांनी किल्ल्यासाठी आणलेले दगड?’ मन दोहोंमध्ये झुलते आहे, म्हणून ससंदेह. आजोबांना मात्र संदेह पडलाच नाही. त्यांनी एक लाडू उचलला आणि वर्तमानपत्र पंख्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवला. त्यांची खरीच फसगत झाली. म्हणून हा भ्रांतिमान. धाकटीच्या हातून एक लाडू निसटला, तेव्हा थोरला ओरडला, ‘खालच्या मजल्यापर्यंत फरशीला भोक पडलं!’ ही अतिशयोक्ती.

शेजारच्या काकू सुसंस्कृत. त्या म्हणाल्या, ‘लाडू मोठे टिकाऊ झालेत हं! पुढच्या दिवाळीपर्यंत काळजी नाही.’ स्तुतीच्या आडून निंदा, म्हणून व्याजस्तुती. काकूंचे यजमान त्याहून सुसंस्कृत. त्यांनी लाडवाविषयी चकार शब्द काढला नाही. फक्त विचारले, ‘घरात अडकित्ता आहे का हो?’ सांगायचे तेच, पण आडवाटेने सांगितले, हे पर्यायोक्त. शेवटी आजीला मुलाची दया आली. ती म्हणाली, ‘तीन तास खपून केले हो बिचाऱ्याने. हौसेला मोल नसतं.’ एका घटनेच्या पाठीशी एक सर्वसामान्य सत्य उभे केले, म्हणून हा अर्थान्तरन्यास. आपल्या बहुतेक म्हणी हेच काम करीत असतात.

लाडू एकच, अलंकार बारा. मुलांच्या ध्यानात येते, की हे बारा निरनिराळे कप्पे नसून एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ‘सारखा’ असतो, मग ‘जणू’, मग ‘आहेच’, मग ‘ते नव्हेच’, मग ‘त्याहून सरस’, आणि वरती पोचल्यावर ‘दुसरे नाहीच’. भावना जितकी तीव्र, तितका माणूस वर चढतो. एकदा हा जिना दिसला, की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

परीक्षेच्या दृष्टीने एक सूचना येथेच करून ठेवते. पुष्कळ मुले वाक्यात ‘जणू’ दिसला की डोळे मिटून ‘उत्प्रेक्षा’ लिहितात. ‘पाऊस जणू थांबणारच नाही’ या वाक्यात ‘जणू’ आहे, पण पावसाला ज्याच्या रूपात पाहावे अशी दुसरी वस्तूच नाही. अलंकार शब्दावरून ओळखू नये. दोन वस्तू कोणत्या आणि त्यांचे नाते काय, हे आधी पाहावे. पाहुण्यांचे नाते आडनावावरून ठरवले की जशी फजिती होते, तशीच येथेही होते.

शब्द बदलून पाहा

आतापर्यंतचे सारे अर्थाचे अलंकार. शब्दाचे अलंकार निराळे. दोन्ही ओळखायची एक सोपी कसोटी जुन्या शास्त्रकारांनी दिली आहे, आणि ती सोनाराच्या कसोटीइतकीच भरवशाची आहे. शब्द काढा, त्याच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा घाला. अलंकार टिकला, तर तो अर्थाचा. मेला, तर तो शब्दाचा. ‘दगडासारखा’च्या जागी ‘पाषाणाप्रमाणे’ म्हणा, उपमा शाबूत आहे. आता हे वाक्य घ्या : ‘भाजीचा भाव वाढला की नोकरदाराचा भाव कमी होतो.’ येथे ‘भाव’ दोनदा आला, दोन अर्थांनी आला, हे यमक. ‘भाजीचा दर वाढला की नोकरदाराचा मान कमी होतो’ असे म्हणा. सत्य तेच राहिले, गंमत गेली.

आणि ‘एकाच आठवड्यात कांद्याला आणि जावयाला भाव आला’ असे म्हटले, तर ‘भाव’ हा शब्द एकदाच आला आणि दोन्ही अर्थ एकदम वाहू लागला. हा श्लेष. श्लेष या शब्दाचा अर्थच मुळी मिठी. अनुप्रास सर्वांच्या ओळखीचा : ‘चुरचुरीत चकली चहाबरोबर चवीने चाखावी.’ यमकाला मराठीत आपण बहुधा ओळीच्या शेवटचे समजतो, आणि लग्नकार्यात नाव घेण्याचा आग्रह झाला की प्रत्येक नववधू त्यासाठी धडपडते. वामनपंडितांना तर यमकाच्या हौसेपायी ‘यमक्या वामन’ हे नावच पडले.

वर्गात मी मुलांना पुस्तकातले उदाहरण लिहू देत नाही. स्वतःचे आणा, म्हणते. यात नवे काही नाही. सतराव्या शतकात पंडित जगन्नाथांनी ‘रसगंगाधर’ लिहिला, तेव्हा उदाहरणांसाठी दुसऱ्या कवीच्या दारी न जाता त्यांनी स्वतःचेच श्लोक दिले. मुले श्लोक आणीत नाहीत, पण घरातली वाक्ये आणतात. एका मुलीने आणले : ‘परीक्षा माझी आणि ताप आईला.’ कारण एकीकडे, कार्य दुसरीकडे. इतके नेमके असंगतीचे उदाहरण मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. एकाने आणले : ‘मोबाइलने जग जवळ आणले आणि घर लांब नेले.’ हा विरोधाभास. एकाने लिहिले, की त्यांच्या इमारतीची लिफ्ट दर सोमवारी रुसते, ही चेतनगुणोक्ती.

आणि दृष्टान्त तर मराठी माणसाच्या हाडीमांसी खिळला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी तत्त्वज्ञान सांगितले, ते लोकांच्या मराठीत आणि रोजच्या व्यवहारातले दाखले देऊन. केसोबासांनी त्यांतून ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टान्त आहेत. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला, तोही एकामागून एक उपमा-दृष्टान्तांची माळ ओवीत. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जाते, शेत, सुगरणीचे घरटे यांतून त्यांना जे दिसले, ते १९५२ साली पुस्तकरूपाने आले, तेव्हा शिकलेला महाराष्ट्र थक्क झाला. त्यांना ‘रूपक’ हा शब्द कोणी शिकवला नव्हता. शिकवायची गरजही नव्हती.

खुर्चीला पाय कोणी दिले?

अलंकार संपले की पुस्तकात शब्दशक्तीचा धडा येतो, आणि तो ‘गुण कमी आहेत’ म्हणून पुष्कळदा सोडून दिला जातो. खरी गंमत तेथेच आहे.

शब्दाच्या शक्ती तीन. सरळ कोशातला अर्थ सांगते ती अभिधा. ‘गाय चरते आहे’ : गाय म्हणजे गाय. पण ‘आमची सून अगदी गाय आहे’ म्हटले, तर सुनेला शिंगे आहेत, असे कोणी समजत नाही. सरळ अर्थ अडला, म्हणून त्याला लागून असलेला दुसरा अर्थ आपण घेतला, ही लक्षणा. तिच्या अटी तीन : मूळ अर्थाला अडथळा हवा, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध हवा, आणि असे बोलण्यामागे एक तर रूढी हवी किंवा हेतू हवा. संस्कृत शास्त्रकारांचे ठरीव उदाहरण म्हणजे गंगेवरची गवळ्यांची वस्ती. पाण्यावर वस्ती कशी असेल? म्हणून ‘गंगेच्या काठी’ असे घ्यायचे. आणि ‘गंगेवर’ म्हणण्याचा हेतू असा, की तेथला गारवा आणि पावित्र्य ऐकणाऱ्याला जाणवावे. ‘आमचे घर अगदी समुद्रावर आहे’ असे सांगणारे गृहस्थ याच वाटेने जात असतात. फरक इतकाच, की त्यांना गारव्याबरोबर जागेचा भावही जाणवून द्यायचा असतो.

रूढ लक्षणा तर आपण दिवसभर करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. खुर्चीला पाय, करवतीला दात, बाटलीला गळा, डोंगराला सोंड. कोणे एके काळी कोणाला तरी खुर्चीचे लाकूड पायासारखे दिसले. त्या दिवशी ती कविता होती. आज ते सामान आहे. भाषा ही अशी जुन्या कवितांची अडगळीची खोली आहे. मुलांना घेऊन एखाद्या दुपारी ती आवरायला काढा; दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सापडत नाही इतके येथे सापडते.

सात वाजले

तिसरी शक्ती व्यंजना. येथे शब्दाचा सरळ अर्थ अडत नाही. तो पुरा होतो, आणि त्याच्या पलीकडे आणखी काहीतरी उमटत राहते. घंटेवर टोल पडून गेल्यावर नाद घुमतो, तसे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोक’ लिहून सांगितले, की काव्याचा आत्मा हा ध्वनीच. त्यांनी दिलेला दाखला सराफकट्ट्यावरून आलेल्यांनी अवश्य ऐकावा. सुंदर स्त्रीचे लावण्य जसे तिच्या एकेका अवयवाहून निराळेच काही असते, तसा हा सुचवलेला अर्थ शब्दांहून निराळा असतो. दागिने मोजून लावण्याचा हिशेब लागत नाही.

अकराव्या शतकातल्या मम्मटांनी ‘काव्यप्रकाशा’त एक साधे वाक्य घेतले आहे : सूर्य मावळला. ते म्हणतात, हे वाक्य एकच. पण ऐकणारा जो जो असेल त्याला त्याचा अर्थ निराळा. कोणाला ‘आता काम थांबवावे’ असा, कोणाला ‘गुरे घरी वळवावी’ असा, कोणाला ‘संध्येची वेळ झाली’ असा. आजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हेच वाक्य ‘सात वाजले’ असे होते. आई हे मुलाला म्हणते, तेव्हा अर्थ ‘अभ्यासाला बस’. मुलगा आईला म्हणतो, तेव्हा ‘खायला काय आहे?’ आजी स्वतःशीच म्हणते, तेव्हा ‘देवापाशी दिवा लावायला हवा.’ कामाच्या मावशी म्हणतात, तेव्हा ‘मला उशीर होतोय’. आणि जिचा नवरा सहाला येतो म्हणून सांगून गेला आहे, ती खिडकीशी उभी राहून म्हणते, तेव्हा त्या दोन शब्दांत काय काय असते, ते वाचकांनी आपापल्या घरी जाऊन पाहावे.

हा अर्थ कशावरून कळतो? मम्मटांनी त्याची यादीच दिली आहे : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, जवळ आणखी कोण आहे, प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती, आणि काकू. ही काकू म्हणजे काकांची पत्नी नव्हे. काकू म्हणजे आवाजातला हेलकावा. ‘बरं’ हा एक शब्द घ्या. काकू बदला, म्हणजे त्याचा अर्थ संमती होतो, राग होतो, कंटाळा होतो, नाइलाज होतो, धमकीही होते. मोबाइलवरच्या लेखी निरोपात नेमकी ही काकूच गळते. म्हणून ‘बरं.’ एवढेच उत्तर आले, की समोरचे माणूस रागावले की काय, या विचारात रात्र जाते. आणि म्हणूनच लोक त्यापुढे हसणारे, रडणारे पिवळे चेहरे डकवतात. ते चेहरे म्हणजे हरवलेल्या काकूची भरपाई आहे, दुसरे काही नाही.

पावसाची चौकशी

काही वर्षांपूर्वी हा धडा चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो वर्गात बोलत नसे. म्हणाला, ‘मॅडम, माझे आजोबा रोज रात्री थोरल्या काकांना फोन करतात. काका परगावी असतात. आजोबा रोज एकच विचारतात, तिकडं पाऊस आहे का रे? जूनमध्ये विचारतात आणि जानेवारीतही विचारतात. घरी सगळे हसतात. बाबा म्हणाले, आजोबांना आता महिने कळेनासे झालेत.’

वर्गही हसला. तो हसला नाही. ‘पण मॅडम, आजोबा दर महिन्याची संकष्टी न चुकता सांगतात. त्यांना महिने कळतात.’

मी विचारले, ‘मग व्यंग्यार्थ काय?’

तो थोडा थांबला. ‘“कसा आहेस?” विचारलं, की काका “मजेत” म्हणतात आणि फोन संपतो. पावसाचं विचारलं, की काकांना चार वाक्यं तरी बोलावी लागतात.’

फळ्यावर मी ‘बोलणारा, ऐकणारा, प्रसंग, वेळ’ असे लिहून ठेवले होते. त्यावर त्या तासाला मला काही अधिक सांगावे लागले नाही. त्याने पुढे काकांना काय सांगितले, ते मी विचारले नाही. ते माझे काम नव्हे. वर्ष संपताना निरोप घ्यायला आला, तेव्हा तोच म्हणाला, ‘हल्ली काकाच आधी फोन करतात, मॅडम. आणि पाऊस पडतोय म्हणून सांगतात. मार्चमध्येसुद्धा.’

आलंकारिकांना या मुलाचे कौतुक वाटले असते. सुचवलेला अर्थ ज्याच्या मनाला भिडतो, अशा वाचकाला त्यांनी मोठा सुंदर शब्द दिला आहे : सहृदय. ज्याचे हृदय समोरच्याच्या हृदयाबरोबर चालते तो. साहित्यशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द कवितेच्या रसिकासाठी येतो. पण मला वाटते, त्याची पहिली गरज घरात आहे. वडीलधारी माणसे अभिधेत फारसे मागत नाहीत. ‘मला काय, काहीही चालतं’, ‘तू दमला असशील, राहू दे’, ‘माझं काही अडलं नाही’ : या वाक्यांचे कोशातले अर्थ घेऊन जो निर्धास्त झोपतो, त्याला व्याकरण येते, भाषा येत नाही.

घरातली शाळा

२०२४ सालच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट झाली. पण भाषेचा दर्जा राजधानीत ठरला, तरी तिचा संसार स्वयंपाकघरातच चालायचा. आज शहरातल्या पुष्कळ घरांत मुले इंग्रजी शाळेत जातात, आईवडील दोघेही कामाला जातात, आणि मराठीत दिवसभर जे बोलणे होते ते ‘ऊठ’, ‘आवर’, ‘खा’, ‘चल’, ‘झोप’ एवढेच उरते. ही शुद्ध अभिधा. तिच्यावर घर चालते. पण तिच्यावर माणूस वाढत नाही. अशा घरातल्या मुलाला अलंकारांचे गुण मिळत नाहीत, ही लहान गोष्ट. त्याला आजोबांची पावसाची चौकशी कळत नाही, ही मोठी.

उपाय अवघड नाही आणि खर्चाचा तर मुळीच नाही. मुलाला ‘कशासारखं?’ असे विचारायची सवय लावा. चकलीचा काटा कशासारखा, फटाक्याचा वास कशासारखा, सुट्टी संपल्याच्या दिवशी पोटात जे होते ते कशासारखे? पहिले उत्तर ऐकलेले असेल; दुसरे टीव्हीवरचे असेल; तिसरे त्याचे स्वतःचे असेल. तिसऱ्याची वाट पाहा. मग कधी त्याला ‘सारखे’ हा शब्द न वापरता पाहिले ते जसेच्या तसे सांगायला सांगा. आजीने वात कशी वळली, मांजराने आळस कसा दिला. ही स्वभावोक्ती. दंडींनी हिला अलंकारांत पहिला मान दिला आहे, आणि करून पाहणाऱ्याला तो का दिला, ते लगेच कळते. कारण बिनदागिन्याने सुंदर दिसणे सर्वांत कठीण.

एक धोक्याचा कंदील मात्र लावून ठेवते. व्यंजनेला एक धाकटी, द्वाड बहीण आहे. तिचे नाव टोमणा. दोघींचा चेहरामोहरा एकच. सात पिढ्यांच्या सासवासुनांनी, भावाभावजयांनी तिला खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट केले आहे. सुचवून बोलणे समोरच्याला जपण्यासाठी असेल तर ती व्यंजना. टोचण्यासाठी असेल तर तो टोमणा. शास्त्रात हा भेद सापडणार नाही, पण संसारात तो पाळावा लागतो.

तेव्हा या चार दिवसांत फराळाची ताटे इकडून तिकडे जातील, माणसे जमतील, बोलणी होतील. कान उघडे ठेवा. कोणी म्हणाले, ‘यंदा लाडू मोठे टिकाऊ झालेत’, तर व्याजस्तुती ओळखा, रागावू नका, आणि हसत हसत अडकित्ता आणून द्या. आणि घरातले वडीलधारे माणूस सहज म्हणाले, की ‘आता थंडी पडायला लागेल’, तर खिडकी लावून मोकळे होऊ नका. जरा वेळ त्यांच्याशेजारी बसा.